इक्बाल, तुझा हेडर बर्फावर चालला

इक्बाल,

ती गाडी पिकअपमधून खाली उतरवली तेव्हा तू सगळ्यात आधी वाकून चाकं शोधलीस. चाकं नव्हतीच. पुढे होडीच्या नाळेसारख्या वर वळलेल्या दोन पट्ट्या आणि मागे रणगाड्याला असतो तसा रुंद रबरी पट्टा. मुसफ्फातला ऐन ऑगस्ट, आखाती ऊन, शेडच्या पत्र्यातून आग पडत होती, आणि आपल्यासमोर बर्फावर शर्यत लावायची गाडी उभी होती. तू तिच्याभोवती एक चक्कर मारलीस, सीटवर थाप दिलीस आणि म्हणालास, "मंग्या, ही होडीच आहे. फक्त हिला गोठलेलं पाणी लागतं."

मी ते गाडीच्या मालकाला, हमदला, हिंदीत सांगितलं. तो खूप हसला. हमदच्या वाळूवरच्या गाड्या आपण किती वर्षं केल्या, लिवाच्या टेकडीवर त्याने किती इंजिनं फोडली आणि आपण किती पुन्हा उभी केली, ते मी इथे मोजत बसत नाही. एका हिवाळ्यात तो मित्रांबरोबर स्वीडनला गेला, तिथे गोठलेल्या तळ्यावर कोणीतरी त्याला असली गाडी चालवायला दिली, आणि परत आला तो दुसरं काही बोलेचना. आता त्याला स्वतःची गाडी हवी होती, तिला टर्बो हवा होता, आणि टर्बोचा हेडर बाजारातला तयार नको होता. आपण दोघांनी हाताने केलेला हवा होता. मी त्याला म्हटलं, आम्ही दोघांनी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. तो म्हणाला, मी पण तिशीपर्यंत पाहिला नव्हता, हबीबी, यल्ला, कामाला लागा.

रेवाने तुला विचारलेलं आठवतं? शुक्रवारी संध्याकाळी तू आमच्या घरी मोहम्मद बिन झायद सिटीत जेवायला यायचास, सुजाता तुझ्यासाठी बांगड्याचं तिखलं करायची, आणि माझी लेक तुझ्या शेजारी बसून इंग्रजीत बडबड करायची. ती इंग्रजीत बोलली की तू बहिरा व्हायचास. कानाला हात लावून नुसता बघत राहायचास. मग ती वैतागून मराठीत यायची. त्या दिवशी तिने विचारलं, "चाचा, व्हॉट इज अ हेडर?" तू बहिरा. तिने पुन्हा विचारलं, "चाचा, हेडर म्हणजे काय असतं?" तेव्हा तू तिच्या ज्यूसच्या तीन स्ट्रॉ मागून घेतल्यास, त्यांची टोकं एकत्र चिमटीत धरलीस आणि सुजाताला कागदाचं भिरभिरं करायला लावलंस. तिघांनी तीन स्ट्रॉमधून फुंकायचं, हवा एका तोंडातून बाहेर, आणि समोर भिरभिरं गरगर. इंजिनाला तीन फुप्फुसं आहेत, तू सांगितलंस, ती तीन नळ्यांतून धूर सोडतात, त्या तीन नळ्या एक करायच्या आणि त्या धुराने टर्बोचा पंखा फिरवायचा. पंखा फिरला की तो इंजिनाला जास्तीची हवा भरवतो. "तिघांनी पाळीपाळीने फुंकायचं," तू म्हणालास. "एकदम फुंकलंत तर भांडण होतं." मी डिप्लोमा करून जे शिकलो ते रेवा एका जेवणात शिकली.

आपण दाभोळच्या खाडीच्या दोन अंगांचे. तू दाभोळचा, मी पलीकडचा, गुहागरच्या बाजूचा. फेरीबोटीत आपण कधी शेजारी उभेही राहिलो असू, कोण जाणे. ओळख झाली ती मात्र मुसफ्फाच्या शेडमध्ये. मी नवा होतो, फोनवर घरी बोलत होतो, आणि तू ग्राइंडर बंद करून ऐकत उभा राहिलास. फोन ठेवल्यावर मी विचारलं, तुम्ही खाडीच्या कुठल्या अंगाचे? तू म्हणालास, "ज्या अंगाला मासे चांगले मिळतात." तुम्ही-बिम्ही तिथेच संपलं.

इतकी वर्षं एका टेबलावर काम केलं, पण त्या हेडरसारखं भांडण आपण दुसऱ्या कशावरून केलं नाही. जागाच किती कमी होती. वर प्लास्टिकचं झाकण, मागे पेट्रोलची टाकी, बाजूला पट्टा फिरवणारा क्लच, आणि या सगळ्यांच्या मधून लालभडक तापणाऱ्या तीन नळ्या न्यायच्या. तू वेल्डिंगच्या तारा घेतल्यास आणि त्या इंजिनाच्या तोंडापासून टर्बोपर्यंत वाकवून वाकवून वाट शोधत बसलास. तीनही तारा सारख्या लांबीच्या हव्यात हा तुझा हट्ट. मधली नळी सरळ गेली तर ती आखूड होते, म्हणून तू तिला उगाच वळसा घालून आणलंस. मी म्हटलं, इतकी जागा नाही आपल्याकडे. तू म्हणालास, जागा आहे, तुला दिसत नाही. आणि होती. तीन तारा एकमेकींना न लागता जेव्हा बसल्या तेव्हा तू त्या काढल्या नाहीस. दोन दिवस तशाच ठेवून येता-जाता बघत होतास. मीही बघत होतो, पण तुला दिसणार नाही असा.

खरा वाद त्याच्यापुढचा. पाइप तापला की लांब होतो, हे दोघांनाही माहीत. तुझं म्हणणं, त्याला सरकायला जागा द्यायची, प्रत्येक नळीला एक सरकता जोड ठेवायचा, एक पाइप दुसऱ्यात बसवलेला. माझं म्हणणं, सरकता जोड गळतो, धूर तिथून पळाला तर टर्बो फिरणार कशाने, सगळं पक्कं वेल्ड करायचं. तू म्हणायचास, पक्कं केलंस तर तडकेल. मी म्हणायचो, गळण्यापेक्षा तडकलेलं बरं, निदान दिसतं तरी. शेवटी तू एक नमुना केलास आणि मी एक केला. हमदला सांगितलं नाही.

आणि मग बर्फाचा प्रश्न तू काढलास. वाळूवर गाडी तापते तशीच निवते, हळूहळू. बर्फावर पट्ट्याने उडवलेला चुरा झाकणाच्या फटींतून आत येणार, आणि तो तापून लाल झालेल्या पाइपवर पडणार. त्याचं काय? मी इंटरनेटवर शोधत बसलो. तू मीना बंदरातल्या मासळीबाजारात गेलास आणि दोन थर्माकोलची खोकी भरून बर्फाचा चुरा घेऊन आलास, कोलंबीवर घालतात तो. शेडमध्ये सगळ्यांना कोलंबीचा वास आला. दुपारची वेळ, जेवणाची सुट्टी, आसपासच्या शेडमधली माणसं येऊन उभी राहिली. आपण माझा हेडर बर्नरवर ठेवून लाल केला आणि तू फावड्याने बर्फ टाकलास. वाफेचा ढग उठला, सगळे मागे सरले, आणि त्या ढगातून एक बारीक आवाज आला. टिंग. काचेचा पेला टेबलावर ठेवताना येतो तेवढाच. तुझ्या चेहऱ्याकडे मी बघितलं. मला वाटलं होतं तू हसशील. तू हसला नाहीस. तू वाफ जायची वाट बघितलीस, वाकून जोड पाहिलास आणि म्हणालास, "कडेला गेलाय. वेल्ड चांगला होता रे."

दुसऱ्या दिवशी तुझा हेडर लावला. तो तडकला नाही. पण इंजिन चालू केल्यावर सरकत्या जोडांतून इतका धूर गळला की टर्बोने मान वर काढलीच नाही. आता हसायची पाळी माझी होती, आणि मीही हसलो नाही. आपण दोघं शेडच्या दारात चहाचे पेले घेऊन बसलो. मग तू म्हणालास की तीन नळ्या ज्या जाड पट्टीवर बसतात ती पट्टीच अख्खी आहे, म्हणून तिघी एकमेकींना ओढतात. ती कापून तिचे तीन तुकडे केले तर? मी म्हटलं, मग टर्बोचं वजन कोण धरणार? तू म्हणालास, ते तू सांग. मी विचार केला आणि म्हटलं, इंजिनाच्या अंगालाच एक आधार काढू, आणि आधाराची भोकं लांबट ठेवू, म्हणजे पाइप धरलेलाही राहील आणि हललाही. तू पेला खाली ठेवलास. "खलास," म्हणालास. "झालं काम." पाइप पक्का, माझ्या म्हणण्याप्रमाणे, आणि त्याला सरकायला जागा, तुझ्या म्हणण्याप्रमाणे. त्यानंतर हा कोणाचा हेडर, असं शेडमध्ये कोणी विचारलं की आपण दोघं एकमेकांकडे बोट दाखवायचो.

मध्ये एकदा रेवाच्या वाढदिवसाला आम्ही तुला ओढून मॉलमध्ये नेलं, तिथे घरातल्या घरात बर्फ केलेला आहे तिथे. त्यांनी दिलेला निळा कोट तुला आखूड पडत होता, मनगटं बाहेर. रेवा घसरगुंडीवरून उतरून तुझ्याकडे धावत आली. तू बर्फ हातात घेतलास, दाबलास, वास घेतलास आणि टाकून दिलास. "हा फ्रीजर आहे," तू म्हणालास. "हर्णैला मी मासळीच्या ट्रकमध्ये असाच बसून जायचो." रेवा म्हणाली, "चाचा, इट्स रियल स्नो." या वेळी तू बहिरा झाला नाहीस. तू तिला म्हणालास, "बेटा, वरून पडतो तो खरा. हा खालून लावलाय." आणि मग येताना गाडीत तू हात काखेत घालून बसला होतास. मला वाटलं थंडी बाधली. सिग्नलला थांबलो तेव्हा तू काचेतून बाहेर बघत म्हणालास, वरून पडताना त्याचा आवाज होत असेल का रे?

मी म्हटलं, हमदला विचार. तू म्हणालास, हमदला काय विचारायचं, जाऊन ऐकू.

कारण तोवर ठरलं होतं. हमदने दोघांनाही बरोबर चला म्हणून सांगितलं होतं. व्हिसाच्या ऑफिसात काचेच्या पलीकडच्या मुलीने तुला विचारलं, कामाला जाताय की फिरायला? तू थोडा विचार केलास आणि हिंदीत म्हणालास, "देखना है, चलता है कि नहीं." ती गोंधळली. मी पुढे होऊन सांगितलं, फिरायला. तुझा व्हिसा माझ्या आधी आला. तू पासपोर्ट उघडून ते पान सगळ्या शेडला दाखवलंस, आणि अश्रफ, तुझ्या खोलीतला, म्हणाला की इक्बालभाई आता टोपी-मफलर घालून झोपायची प्रॅक्टिस करतायत.

गुरुवारी आपण शेवटचं भेटलो. हेडर जवळजवळ झाला होता. तीन नळ्या एकत्र येऊन जिथे टर्बोला मिळतात तो एकच जोड राहिला होता. तू पाइपच्या आत गॅस भरून, दोन्ही तोंडं टेपने बंद करून, एक एक टाका घालत आला होतास, म्हणजे वेल्ड आतूनही काळा पडत नाही. तू बॅटरी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, आत बघ. मी बघितलं. आतून पाइप ताटासारखा लखलखत होता. मी "बरा आहे" म्हणालो. आपल्यात याहून जास्त बोलायची पद्धत नव्हती. तू पण ऐकून खूश झालास, मला माहीत आहे, कारण तू लगेच भांडण काढलंस. पाइपला उष्णतेचं कापड गुंडाळायचं की नाही. मी म्हणत होतो गुंडाळायचं, नाहीतर वरचं प्लास्टिकचं झाकण वितळेल. तू म्हणत होतास, कापडात पाइप कोंडतो, आतल्या आत भाजतो, वेल्ड मरतो. मी म्हटलं, मग झाकण वितळू दे का? तू म्हणालास, हात थकलाय, शेवटचा जोड शनिवारी सकाळी मारू आणि मग याचं बघू. हेल्मेट खुंटीला लावलंस आणि गेलास.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून तू खोलीवर आलास, सगळ्यांबरोबर जेवलास आणि जरा पडतो म्हणालास. अश्रफचा फोन आला तेव्हा आम्ही घरी उशिराने दुपारचं जेवून उठत होतो. मी पोचलो तेव्हा तुला घेऊन गेले होते. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने माझ्याशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली, आणि त्याने पहिलं वाक्य पुरं करायच्या आधीच मला कळलं. हृदय, म्हणाला. झोपेतच. त्रास झाला नसावा.

तुझ्या घरी फोन मी केला. दुसरं कोण करणार? शबानाभाभींनीच उचलला. मागे रेडिओ का टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला. त्यांच्या भावाने फोन घेतला, तुला इकडे आणायचं का, किती दिवस लागतील, असं तो विचारत होता, आणि मागून त्यांचा आवाज आला, अगदी शांत. "माती तिकडेच द्या. त्यांना थांबवून ठेवू नका."

कागदपत्रांसाठी तुझा पासपोर्ट घेऊन मी दूतावासात गेलो. तिथल्या बाईंनी चांगल्या शब्दांत विचारपूस केली, पासपोर्ट चाळला, रद्द केल्याचा शिक्का मारला आणि कोपरा कापला. स्वीडनच्या व्हिसाचं पान त्यांच्या बोटांखालून गेलं. त्या क्षणभर तिथे थांबल्या. मग वर माझ्याकडे बघून त्यांनी पासपोर्ट माझ्या हातात दिला.

बनियासच्या कब्रस्तानात तुला नेलं तेव्हा सगळी शेड आली होती. हमद आला होता, तुझ्या जनाज्याला खांदा देऊन चालत होता. मी मागे उभा होतो, मला कळेना कुठे उभं राहायचं. अश्रफने त्याचा रुमाल माझ्या डोक्याला बांधला आणि हाताला धरून पुढे नेलं. एका हातात फोन होता, त्यात दाभोळचं तुमचं घर, शबानाभाभी, अंगणभर माणसं. दुसऱ्या हाताने मी माती टाकली. माती म्हणायची, इथे वाळूच. मुठीत धरली की तिथूनच गळायला लागते. तुझ्यापर्यंत पोचली की नाही, कोण जाणे.

त्या संध्याकाळी रेवा दारात उभी होती. तिने मला विचारलं, "बाबा, चाचा आता परत येणार नाही का?" मराठीत. सुजाताने तिला जवळ घेतलं, आणि मी आत जाऊन बाथरूमचा नळ सोडून बसलो.

तुझ्याशी एक बोलणं राहिलं, इक्बाल. गेल्या पावसाळ्यात तू सुट्टीवरून आलास तेव्हा म्हणाला होतास की दाभोळच्या धक्क्यापाशी एक जागा आहे, शेड टाकण्यापुरती. ट्रॉलरची इंजिनं, सायलेन्सर, टाक्या, कामाला मरण नाही. तू वेल्डिंग करायचं, मी इंजिनं बघायची. फेरीबोटीने मी सकाळी यायचं, संध्याकाळी जायचं. तू विचारलंस, येशील? मी म्हटलं, इन्शाल्ला. आणि इथे तोंडावर नाही म्हणवत नसलं की माणूस इन्शाल्ला म्हणतो, ते आपल्या दोघांनाही माहीत होतं. रेवाची शाळा, सुजाताची नोकरी, मी कारणं पुढे केली नाहीत, तूही विचारली नाहीस. पण त्या दिवसापासून मी कधी कधी मनात ती फेरीबोट पकडायचो. धक्क्यावर तू उभा, हातात ग्लोव्हज, उशीर केलास म्हणून शिव्या देतोयस. हे तुला सांगितलं असतं तर तू मला कधीच सोडलं नसतंस. आता ती बोट मी कुठे लावू?

शेवटचा जोड मीच मारला. हमद म्हणाला होता, हवं तर दुसरा वेल्डर बोलवू. मी नको म्हटलं. शनिवारी नाही झालं माझ्याने, पुढच्या आठवड्यात केलं. तुझं हेल्मेट मला ढिलं होतं, म्हणून माझंच घातलं. तुझे टाके मासळीच्या खवल्यांसारखे एकावर एक बसलेले. माझे तसे नाहीत, तू जाणतोस. कुठे तुझे संपतात आणि कुठे माझे सुरू होतात ते आंधळ्यालाही हात लावून कळेल. मी ते घासून सारखे केले नाहीत.

आणि कापड. कापडाचा रोल माझ्या हातात होता, इक्बाल. तू नव्हतास, कोणी अडवणार नव्हतं. मी पाइपला एक वेढा दिला आणि सोडवला. वाद जिंकायला समोर कोणी तरी लागतं. पण झाकण वितळणार हेही खरंच होतं. शेवटी पाइप आणि झाकण यांच्या मध्ये मी पातळ पत्र्याची ढाल बसवली, मध्ये हवेला जागा ठेवून. पाइप मोकळा, झाकण वाचलं. मला वाटतं बरं जमलंय. तू असतास तर यातही खोट काढली असतीस. ती कुठली असती ते मी रात्रंदिवस शोधतोय, मला सापडत नाही.

स्वीडनला मी आणि हमद गेलो. विमानात माझ्या शेजारची जागा भलत्याच कोणाला मिळाली. छोटं गाव होतं, लाकडी घरं, आणि घरांच्या मागे सपाट पांढरं मैदान, ते मैदान नव्हतं, तळं होतं. त्यावरून ट्रक चालले होते. पहिल्या दिवशी पाय टाकायला मला धीर होईना. हमद म्हणाला, खाली हातभर जाड आहे. मी म्हटलं, खाली पाणी तर आहे ना. थंडीने पाना हाताला चिकटत होता. तुझ्या त्या आखूड कोटात तू इथे काय केलं असतंस याचा विचार करत मी काम करत होतो, आणि दोनदा तुला हाक मारून तेराचा पाना मागितला.

पहिल्या फेरीत गाडीचा पट्टा तुटला. आपल्या कामाचा त्यात काही संबंध नाही, पण हमद पार खचला. त्याला वाटलं आपण उगाच इतक्या लांब आलो. मी नवा पट्टा चढवला आणि झाकण उघडून हेडर बघितला, बॅटरी लावून, प्रत्येक जोडाला. आत बर्फाचा चुरा भरला होता, तू म्हणाला होतास तसा, आणि पाइपवरून वाफ निघत होती. कुठे तडा नाही. तापलेला पाइप आधारात सरकल्याची बारीक चमकदार रेघ तेवढी दिसली, लांबट भोकांच्या कडेला. ती रेघ मी बराच वेळ बघत बसलो. हमदने विचारलं, प्रॉब्लेम? मी म्हटलं, प्रॉब्लेम नाही. हलतंय. तेच हवं होतं.

दुसऱ्या फेरीत तो सुटला तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. मी डोळे मिटून इंजिन ऐकत होतो. तीन फुप्फुसं, पाळीपाळीने, कुठे भांडण नाही. टर्बोने मान वर काढली आणि मग तो आवाज तळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखा गेला. आपण चौथे आलो, इक्बाल. बक्षीस तिघांनाच होतं. हमद परत आला तो ओरडतच, हेल्मेट काढून त्याने मला मिठी मारली, आणि मग बाजूला होऊन माझ्या मागे बघत राहिला, अजून कोणाला तरी मिठी मारायची राहिली असल्यासारखा. आम्ही दोघं तिथे लहान मुलांसारखे रडलो. आजूबाजूच्या लोकांना वाटलं चौथे आल्याचं दुःख आहे. एका म्हाताऱ्याने येऊन आम्हाला कॉफी दिली.

बर्फ नंतर पडायला लागला. वारा नव्हता. वरून, खरा. आवाज होत नाही, इक्बाल. उलट जो काय आवाज असतो तोही कमी होत जातो. माणसं बोलत असतात पण लांब गेल्यासारखी वाटतात. तुला हे कसं सांगायचं याची वाक्यं मी तिथे उभ्या उभ्या जुळवत होतो, आणि मग आठवलं.

मी शबानाभाभींना व्हिडिओ कॉल लावला. दाभोळला संध्याकाळ झाली होती, त्या पडवीत बसल्या होत्या. मी त्यांना तळं दाखवलं, झाडं दाखवली, पडणारा बर्फ दाखवला. त्या "अल्ला" एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, "मंगेशभाऊ, ह्यांनी केलेलं कुठलं?"

मी झाकण उचललं, ढाल काढली. फोन हेडरच्या अगदी जवळ नेला. वरून बर्फ पडत होता आणि पाइपला टेकायच्या आधीच नाहीसा होत होता. मी सांगत होतो, हे टाके इक्बालचे, ही मधली नळी कशी वळवली बघा, हा शेवटचा जोड माझा आहे, तो तेवढा बघू नका. त्या म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळणार, भाऊ." पण बघत राहिल्या. मग म्हणाल्या, चालू होते का?

हमदने चावी फिरवली. इंजिन धडधडायला लागलं. त्या काही तरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही, म्हणून मी फोन कानाशी धरून लांब जायला लागलो आणि हमदला बंद करायची खूण करायला हात वर केला.

"भाऊ, थांबा," त्या म्हणाल्या. "ते फोन करायचे तेव्हा मागे असलाच आवाज असायचा. मी रोज ओरडायचे, आधी ते बंद करा, मला काही ऐकू येत नाही. आज राहू द्या."

मी हात खाली घेतला. परत गाडीजवळ गेलो आणि फोन तिच्यासमोर धरून उभा राहिलो. हमदला मराठी येत नाही. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि इंजिन चालूच ठेवलं.